एकास चोवीस : हॉस्टेलच्या टेबलावरची स्टॉक कार

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी निबंध मी शेवटचा दहावीत लिहिला आणि 'पावसाळ्यातला एक दिवस' या विषयावर मला दहापैकी चार मार्क मिळाले. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. मराठी विभागाच्या संपादकांनी "तुझ्या त्या गाडीवर लिही, तुझ्या त्या गाडीवर लिही" असा धोशा लावला म्हणून हे धाडस.

'ती गाडी' म्हणजे यंदाच्या टेक्निकल फेस्टिव्हलमध्ये काचेच्या पेटीत ठेवलेली लाल-निळी, ४३ नंबरची छोटी रेसिंग कार. ती खेळण्याच्या दुकानातून आणलेली नाही. ती एका खोक्यातून सुटे भाग काढून, चिकटवून, घासून, रंगवून मी बांधली आहे. वेळ लागला आठ महिने. त्यातले पाच महिने चुका निस्तरण्यात गेले. या लेखात त्या सगळ्या चुका लिहिल्या आहेत, म्हणजे तुम्हाला पुन्हा करायला नकोत. आणि शेवटी एक चूक अशी आहे की जी करता करता वाचले. लेख खरं तर तिच्यासाठीच लिहिते आहे.

स्टॉक कार म्हणजे काय रे भाऊ?

फॉर्म्युला वन आपल्या हॉस्टेलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. स्टॉक कार म्हटलं की मात्र शेअर मार्केट आठवतं! 'स्टॉक' म्हणजे इथे शोरूममध्ये मिळते तशी, कारखान्यातून आली तशी गाडी. अमेरिकेत १९४८ साली बिल फ्रान्स याच्या पुढाकाराने नॅसकार ही संस्था स्थापन झाली आणि १९ जून १९४९ रोजी शार्लट इथे मातीच्या ट्रॅकवर 'स्ट्रिक्टली स्टॉक' गाड्यांची पहिली शर्यत झाली. नियम असा की गाडी दुकानात मिळते तशीच पाहिजे. त्या शर्यतीत पहिला आला ग्लेन डनवे. तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंग्जमध्ये फेरफार केलेला सापडला आणि त्याला बाद करून जिम रोपरला विजेता ठरवलं. म्हणजे पहिल्याच दिवशी नियम मोडला गेला आणि पहिल्याच दिवशी पकडलाही गेला. आपल्या इंटर्नल परीक्षेसारखंच!

पुढे वेग वाढत गेला तशी ही गाडी फक्त नावाला स्टॉक राहिली. १९८० च्या दशकातली स्टॉक कार म्हणजे आत स्टीलच्या नळ्या वेल्ड करून केलेला सांगाडा आणि वर पत्र्याची बॉडी. इंजिन ३५८ क्युबिक इंच, म्हणजे साधारण ५.९ लिटरचं व्ही-८. हेडलाइट नाहीत, आणि दरवाजे उघडतच नाहीत. ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. १९५९ साली सुरू झालेल्या डेटोनाच्या ट्रॅकची एक फेरी अडीच मैलांची आणि वळणांवरचा उतार ३१ अंशांचा आहे. आपल्या हॉस्टेलच्या जिन्याचा उतार साधारण तेवढाच असेल. त्या उतारावर ताशी तीनशे किलोमीटरने गाडी धावते हे डोळ्यांसमोर आणून बघा.

माझे मामा शार्लटला सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला आहेत. नॅसकारच्या बहुतेक टीम्सची वर्कशॉप्स त्याच परिसरात आहेत. मागच्या उन्हाळ्यात ते आले तेव्हा चॉकलेटांऐवजी एक जुनाट खोकं घेऊन आले. मोनोग्राम कंपनीची १/२४ मापाची किट होती, रिचर्ड पेटीची ४३ नंबरची पाँटिअ‍ॅक. मामा म्हणाले, "मेकॅनिकलला आहेस ना? बांधून दाखव."

हा रिचर्ड पेटी म्हणजे त्या खेळातला राजा. त्याला 'किंग' असंच म्हणतात. सात वेळा चॅम्पियन आणि एकूण २०० विजय. दोनशेवा विजय ४ जुलै १९८४ रोजी डेटोनाला, अशाच पाँटिअ‍ॅकमध्ये मिळाला. मी माझी गाडी १९८४ ची करायची ठरवली ती त्यामुळे.

आधी गणित

एकास चोवीस म्हणजे खऱ्या गाडीवरचे २४ मिलिमीटर मॉडेलवर १ मिलिमीटर. त्या काळातल्या गाडीचा व्हीलबेस ११० इंच, म्हणजे २७९४ मिमी. भागिले २४, उत्तर ११६ मिमी. व्हील रिम १५ इंची, म्हणजे मॉडेलवर सुमारे १६ मिमी. डेटोनाचा अख्खा ट्रॅक याच मापाने केला तर फेरी फक्त १६८ मीटरची होईल, आपल्या ग्राउंडवर आरामात बसेल.

हे गणित नुसती गंमत नाही, रंगाचा सगळा खेळ त्यावर आहे. समजा, तुम्ही उत्साहाच्या भरात रंगाचे थर चढवत गेलात आणि जाडी झाली ०.१ मिमी. खऱ्या गाडीच्या मापात ती होते २.४ मिमी. एवढा जाड रंग कुठल्या गाडीला असतो? बॉनेट आणि फेंडरमधली फट मॉडेलवर जेमतेम ०.२ मिमीची असते. ती जाड रंगाने बुजून जाते आणि गाडी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत दिसायला लागते. म्हणून पहिला नियम: रंग पातळ, थर थोडे, घाई शून्य.

खोक्यात निघालेला चॅप्टर

खोकं उघडलं आणि मला एकदम मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसचा पेपर आठवला. इंजेक्शन मोल्डिंगच्या धड्यात आपण स्प्रू, रनर, गेट, पार्टिंग लाइन, इजेक्टर पिन, सिंक मार्क अशी नावं पाठ करतो आणि व्हायव्हात विसरतो. इथे ती सगळी हातात येतात. सगळे भाग एका प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात, ती चौकट म्हणजे रनर. भाग जिथे चौकटीला चिकटतो ते बारीक नाक म्हणजे गेट. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे बॉडीवर केसासारखी रेघ उठते, ती पार्टिंग लाइन. चॅसिसच्या खालच्या बाजूला गोल गोल ठसे दिसतात ते इजेक्टर पिनचे. आणि जिथे प्लॅस्टिक जाड असतं तिथे थंड होताना आत खेचलं जाऊन खळगा पडतो, तो सिंक मार्क. पेपरला बसण्याआधी एक किट बांधली असती तर माझी केटी वाचली असती!

आता क्रमाने सांगते.

एक : धुणे. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा तेलकट अंश प्लॅस्टिकवर राहिलेला असू शकतो. त्यावर रंग धरत नाही. सगळ्या चौकटी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. उकळतं पाणी नको, पॉलिस्टायरिन वाकतं. बाथरूममध्ये बादलीत गाडीचे भाग तरंगताना बघून माझ्या रूममेटने विचारलं होतं, "अगं, हे नक्की सिलॅबसमध्ये आहे?"

दोन : कापणे. भाग पिरगाळून तोडायचा नाही. कटरने गेटपासून दोन मिलिमीटर लांब कापायचं आणि राहिलेला तुकडा ब्लेडने हळूहळू काढायचा. ब्लेड नेहमी स्वतःपासून लांब चालवायचं. हे वाक्य मी डाव्या अंगठ्याला पट्टी असताना शिकले.

तीन : कोरडी जुळवणी. गोंद न लावता भाग जोडून बघायचे. टेपने धरून ठेवायचे. चाकं चारही टेकतात का, बॉडी चॅसिसवर बसते का, इंजिन बॉनेटला लागत नाही ना. जुन्या साच्यातल्या भागांना थोडं घासून बसवावं लागतं, फिटिंग जॉबसारखंच. फाइल, चेक, फाइल, चेक.

चार : चिकटवणे. प्लॅस्टिक सिमेंट म्हणजे आपला नेहमीचा गोंद नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं आणि द्रावक उडून गेलं की दोन्ही भाग एकजीव होतात. थोडक्यात, सॉल्व्हंट वेल्डिंग. म्हणून ते कमी लावायचं. जास्त झालं तर भागच वितळतो. खिडकीच्या पारदर्शक भागांना मात्र सिमेंट नको आणि इन्स्टंट ग्लू तर नकोच, त्याच्या वाफेने काच पांढरी धुरकट होते. तिथे साधा पांढरा गोंद वापरायचा. तो वाळल्यावर दिसत नाही आणि चुकून सांडला तर पाण्याने पुसता येतो.

पाच : लांबी भरणे. गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात तीच पुट्टी. सिंक मार्क आणि सांध्यांत भरायची, पूर्ण वाळू द्यायची आणि वॉटर पेपरने घासायची. आधी ४००, मग ६००, मग १०००. पाण्यात भिजवून घासलं की धूळ उडत नाही आणि पेपर भरत नाही. पार्टिंग लाइनही इथेच घालवायची. बोटाला लागली नाही तरी डोळ्यांना दिसेल, म्हणून प्रायमरचा एक पातळ हात मारून बघायचं. प्रायमर हा खरा एक्स्टर्नल एक्झामिनर! तुम्ही लपवलेलं सगळं तो बाहेर काढतो.

सहा : रंग. इथे पेटीच्या गाडीची गोष्ट सांगायलाच हवी. पेटी कुटुंबाच्या गाड्या आधीपासून एका विशिष्ट आकाशी-निळ्या रंगाच्या असत, त्याला 'पेटी ब्लू' म्हणतात. १९७२ साली एसटीपी कंपनी प्रायोजक म्हणून आली. तिला सगळी गाडी स्वतःच्या झगझगीत लाल रंगात हवी होती. पेटीने निळा सोडायला नकार दिला. शेवटी तडजोड झाली आणि गाडी लाल-निळी झाली. तीच जोडी जगप्रसिद्ध ठरली.

आपल्याला त्या तडजोडीची किंमत मास्किंगमध्ये मोजावी लागते! तो लाल रंग फ्लुरोसंट आहे आणि फ्लुरोसंट रंग जवळजवळ पारदर्शक असतात. राखाडी प्रायमरवर मारला तर विटकरी दिसतो. त्याच्याखाली शुभ्र पांढरा थर लागतो, कारण पांढऱ्यावरून प्रकाश परत आला तरच तो पेटल्यासारखा दिसतो. म्हणून क्रम असा: आधी पांढरा, मग लाल, मग लाल भागावर टेप लावून निळा. टेपची कड नखाने नीट दाबायची. निळ्याच्या आधी त्याच कडेवर क्लिअरचा एक पातळ हात मारला की टेपखाली निळा शिरत नाही.

अजून एक नियम वहीत लिहून ठेवा. इनॅमलवर लॅकर मारायचा नाही. लॅकरचं थिनर जालीम असतं, खालचा इनॅमल सुरकुततो. उलट क्रम चालतो: खाली लॅकर, पूर्ण वाळल्यावर वर इनॅमल. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही स्प्रे कॅन थेट बॉडीवर रिकामा करू नका. आधी रनरच्या तुकड्यावर मारून बघा. प्लॅस्टिक खाल्लं गेलं तर तुकडा जातो, गाडी वाचते.

जुलैमधली संध्याकाळ

आता माझी मोठी चूक. लाल रंग झकास झाला होता. निळा मारायचा होता आणि मला धीर नव्हता. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता, भिंतींना ओल आलेली. मी मागच्या व्हरांड्यात खोकं आडवं ठेवलं आणि निळा लॅकर मारून टाकला. दहा मिनिटांत पेटी ब्लूवर पांढरट धुकं पसरलं. दुधाचा हात पुसल्यासारखं! मी त्या रात्री मेसमध्ये जेवलेसुद्धा नाही.

कारण थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात आहे. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली थंड झाला की हवेतली वाफ त्यावर जमते आणि ओल्या रंगात अडकते. पावसाळ्यात हवा आधीच वाफेने भरलेली, म्हणून थोडंसं थंड होणंही पुरतं. याला ब्लशिंग म्हणतात. ही समस्या आपण सायक्रोमेट्रिक चार्टवर सोडवलेली आहे, फक्त तेव्हा चार्टवर माझी गाडी नव्हती.

उपाय: वाट बघणे. मी पावसाळा संपेपर्यंत बॉडी डब्यात बंद करून ठेवली. ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी निळा भाग १००० च्या वॉटर पेपरने हलका घासला, पुन्हा मास्किंग केलं आणि तीन पातळ थर दिले. रंग वाळला की नाही हे कसं कळतं? नाकाने. बॉडी नाकाजवळ न्यायची. थिनरचा वास येतोय तोपर्यंत रंग आतून ओला आहे.

इथेच एक गंभीर सूचना. थिनरची वाफ डोक्यात चढते आणि पेट घेते. बंद खोलीत स्प्रे करू नका, उदबत्ती-कॉइल-इस्त्री जवळ नको, आणि साधा रुमाल म्हणजे मास्क नव्हे. द्रावकाच्या वाफेसाठी फिल्टरवाला मास्क मिळतो तो घ्या. रेक्टर मॅडमना आधी विचारा. मी नंतर विचारलं होतं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही!

सात : डिकल. स्टॉक कारचं अर्धं सौंदर्य स्टिकर्समध्ये असतं आणि अर्धा त्रासही. किटमधले डिकल पाण्यावर सुटणारे असतात. जुने डिकल पिवळे पडतात. ते खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस ऊन दाखवलं की पिवळेपणा बराच उतरतो. मग नको असलेला एक बारीक डिकल पाण्यात टाकून बघायचा. तुकडे झाले तर बाकीच्या शीटवर क्लिअरचा थर मारून त्याला बळकटी द्यायची.

डिकल नेहमी चकचकीत पृष्ठभागावर लावायचा. फ्लुरोसंट लाल वाळल्यावर मंद, खरखरीत होतो. त्या खडबडीत पृष्ठभागात डिकलखाली हवा अडकते आणि चांदीसारखे ठिपके दिसतात. म्हणून आधी क्लिअर, मग डिकल, मग पुन्हा क्लिअर. पहिले हात नुसते धुक्यासारखे, एकदम ओला थर दिला तर डिकल सुरकुततो. दरवाजावरचा मोठा '४३' फटीवरून जातो तिथे डिकल मऊ करणारं द्रव लावायचं आणि वाळल्यावर फटीच्या रेघेवरून नव्या ब्लेडने चीर द्यायची. शेवटी आठवडाभर थांबून २००० च्या पेपरने पाण्यात हलकं घासायचं आणि पॉलिश करायचं. कडा आणि उंचवट्यांवर जपून, तिथला रंग आधी जातो.

आठ : टायर. नवे टायर काळे चकचकीत असतात, खेळण्यासारखे. त्यांचा जमिनीला टेकणारा भाग पेपरने घासला की वापरलेले दिसतात. ओव्हल ट्रॅकवर गाडी फक्त डावीकडे वळते, त्यामुळे जास्त भार उजव्या चाकांवर येतो. म्हणून उजवे टायर थोडे जास्त घासा. बघणाऱ्याला कारण कळणार नाही, पण गाडी खरी वाटेल.

काकांचा प्रश्न

फेस्टिव्हलला तीन दिवस उरले होते. बॉडी आरशासारखी चमकत होती. आत सीट, स्टिअरिंग आणि नळ्यांचा पिंजरा बसवला होता, म्हणजे रोल केज. सीट बेल्ट आणि ड्रायव्हरच्या खिडकीची जाळी मी केली नव्हती. ती कामं किचकट, आणि बॉडी बसली की आतलं कोणाला दिसतंय? इंटर्नल सबमिशनच्या जर्नलमध्ये मधली पानं कोरी सोडतो ना, तसंच!

गाडीला स्टँड करायचा म्हणून वर्कशॉपमध्ये गेले. फिटिंग सेक्शनच्या काकांनी गाडी दोन बोटांनी उचलली, चष्मा कपाळावर सरकवून सगळीकडून बघितली. मी खोक्यावरचं चित्र पुढे केलं. त्यांनी चित्रातल्या खिडकीवर बोट ठेवलं.

"पोरी, ही जाळी कशाला असते गं?"

मला सांगता येईना. मी म्हटलं, "काका, ती फक्त... असते."

"मग शोधून काढ. कशाला आहे ते कळल्याशिवाय काम सोडू नये." एवढं बोलून ते लेथकडे गेले.

त्या रात्री मी शोधलं आणि पहाटेपर्यंत वाचत बसले.

मे १९७० मध्ये डार्लिंग्टनच्या शर्यतीत एक प्लिमथ भिंतीवर आदळून उलटीपालटी झाली. प्रत्येक पलटीला ड्रायव्हरचा हात आणि डोकं खिडकीतून बाहेर फेकलं जात होतं. तो वाचला, खांदा निखळला. त्यानंतर खिडकीला जाळी सक्तीची झाली. तो ड्रायव्हर होता रिचर्ड पेटी. म्हणजे मी ज्याची गाडी बांधत होते, त्याच्याच अपघातातून आलेली जाळी मी त्याच्याच गाडीतून वगळत होते.

डिकीतली पेट्रोलची टाकी मी नुसती काळी रंगवून मोकळी झाले होते. मे १९६४ मध्ये शार्लटच्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स या ड्रायव्हरच्या गाडीने पेट घेतला. भाजलेल्या अवस्थेत तो जुलैमध्ये गेला. पत्र्याच्या टाकीऐवजी आत रबराची पिशवी असलेली, फुटून न सांडणारी टाकी आली ती त्यानंतर.

मग मी उलट्या बाजूने यादी केली. १९८४ च्या गाडीत काय नव्हतं? छतावरच्या झडपा नव्हत्या. उलट्या फिरलेल्या गाडीने उडू नये म्हणून उघडणाऱ्या या झडपा १९९४ पासून सक्तीच्या झाल्या. डोकं आणि मान धरून ठेवणारा पट्टा नव्हता. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो पट्टा सक्तीचा झाला. आणि स्टिअरिंगवर इंजिन बंद करायचं बटण नव्हतं.

या बटणापाशी मी थांबले. १२ मे २००० रोजी न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर सराव चालू असताना एका गाडीचा थ्रॉटल अडकला असं मानलं जातं. गाडी भिंतीवर गेली आणि ड्रायव्हर जागीच गेला. दोन महिन्यांनी त्याच ट्रॅकवर केनी अर्विन हा ड्रायव्हरही गेला. त्यानंतर अंगठ्याच्या टप्प्यात इंजिन बंद करायचं बटण स्टिअरिंगवर आलं. मे महिन्यात गेलेला तो पहिला ड्रायव्हर म्हणजे अ‍ॅडम पेटी, रिचर्ड पेटीचा नातू. वय १९.

मी वीस वर्षांची आहे.

त्याच्या आईवडिलांनी त्याच्या आठवणीत आजारी मुलांसाठी नॉर्थ कॅरोलायनात एक शिबिर उभं केलं, ते २००४ साली सुरू झालं.

पुन्हा उघडलेली गाडी

सकाळी मी बॉडी चॅसिसवरून उचलली. नशिबाने चिकटवली नव्हती. खऱ्या पट्ट्याची रुंदी तीन इंच, म्हणजे ७६ मिमी, भागिले २४, सुमारे ३ मिमी. मास्किंग टेपच्या तेवढ्या पट्ट्या कापल्या, काळ्या रंगवल्या, बकलसाठी चॉकलेटच्या चांदीचे तुकडे घेतले. दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेचे, एक पायांमधून. जाळीसाठी टेप दुहेरी चिकटवून त्याच्या एक मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या आणि उभ्या-आडव्या विणल्या. चार वेळा विस्कटलं. पाचव्यांदा रूममेटने चिमटा धरला तेव्हा जमलं. रोल केजच्या नळ्या ड्रायव्हरच्या बाजूला जवळजवळ का आहेत, हे तेव्हा कुठे नीट बघितलं. तोपर्यंत मी त्या नळ्या फक्त मोजून चिकटवल्या होत्या.

स्टिअरिंगवर मी बटण केलं नाही. १९८४ च्या गाडीत ते नव्हतं, म्हणून माझ्या गाडीतही नाही. रंगवताना त्या जागेकडे मात्र प्रत्येक वेळी लक्ष गेलं.

मॉडेल करणाऱ्या सगळ्यांना एक सांगणं आहे. गाडी कुठल्या वर्षाची ते आधी ठरवा आणि त्या वर्षाचे फोटो शोधा. १९८४ च्या गाडीला छतावर झडपा लावल्या तर चूक. २०२२ पासूनच्या नव्या गाडीला चाकात पाच नट दाखवले तर चूक, कारण तिथे आता मधोमध एकच नट असतो आणि दरवाजावरचा नंबरही पुढे सरकला आहे. हे नुसतं पुस्तकी ज्ञान नाही. कुठला भाग कधी आला हे बघत गेलं की तो का आला तेही कळतं.

फेस्टिव्हलमध्ये बहुतेकांनी गाडीची चमक बघितली आणि "चालते का?" विचारून पुढे गेले. फर्स्ट इयरचा एक मुलगा मात्र गुडघ्यावर बसला, खिडकीतून आत डोकावला आणि म्हणाला, "दीदी, ही जाळी कशाला आहे?" मी त्याला डार्लिंग्टनपासून सगळं सांगितलं. पंधरा मिनिटं ऐकून तो पार्किंगकडे गेला. मोटरसायकलच्या आरशाला लटकवलेलं हेल्मेट त्याने डोक्यावर घातलं की नाही हे मला व्हरांड्यातून नीट दिसलं नाही. पट्टा लावला असेल असं धरून चालते.

बक्षीस मिळालं नाही. पहिला नंबर लाइन फॉलोअर रोबोला गेला, जसा दरवर्षी जातो! काकांनी मात्र गाडी पुन्हा हातात घेतली, खिडकीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "आता झाली."

ज्यांना शिकायचं आहे त्यांनी रविवारी दुपारी कॉमन रूममध्ये या. किट नसली तरी चालेल, रनरच्या तुकड्यांवर रंगाचा सराव करू. पुढच्या किटचे भाग धुऊन ठेवले आहेत. ब्लेड, टूथब्रश आणि पेशन्स आपापला आणावा. जुलैमध्ये वर्ग बंद राहतील!